टाकीवरची केबल आणि सोळा पानं

आयुष्यात मी एकदाच ठामपणे बोललो आहे, आणि ते एका केबलबद्दल. त्याआधी अडतीस वर्षं ग्रंथालयात गेली. तिथे ठाम बोलायची वेळ फारशी येत नाही. पुस्तक आहे की नाही एवढंच सांगायचं असतं, आणि तेही मी ‘असावं, बघतो’ असंच सांगत आलो. दुकानात चप्पल घ्यायला गेलो तर कुठली बरी दिसते ते दुकानदारालाच विचारतो, आणि घरी आल्यावर दुसरी बरी होती असं वाटत राहतं.

ही केबल कुठे लागणार होती ते आधी सांगायला हवं. आदिलाबादेत आमचा हौशी रेडिओवाल्यांचा एक क्लब आहे. सभासद नऊ. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, घरात रेडिओचा संच ठेवायचा आणि एकमेकांशी बोलायचं, एवढंच आमचं काम. नदीला पूर आला, फोन बंद पडले तर आमचा उपयोग होतो असं आम्ही सगळ्यांना सांगतो. एरवी रोज सकाळी सात वाजता हजेरी होते. कोण किती स्पष्ट ऐकू येतंय ते प्रत्येक जण सांगतो, आणि मग राजकुमार बोलतो. राजकुमारचं स्टेशन रोडला टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे आणि तो क्लबचा सचिव आहे. त्याने बटण दाबलं की आम्ही चहा टाकून येतो.

हातातल्या छोट्या संचाचा आवाज गावाबाहेर जात नाही. त्यासाठी उंचावर रिपीटर लागतो. रिपीटर म्हणजे असा रेडिओ, जो लांबून आलेला बारीक आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी तो मोठ्याने सगळ्यांना बोलून दाखवतो. दिल्लीहून परवानगी यायला चौदा महिने लागले. जैनथ रोडवरच्या एका कापसाच्या जिनिंग मिलच्या मालकाने पाण्याच्या टाकीवर अँटेना लावू दिली आणि टाकीखालची खोलीही दिली. रिपीटरमध्ये आम्ही एक टायमर बसवला. सलग तीन मिनिटं कुणी बोलत राहिलं की रिपीटर आपोआप बंद होतो, आणि बोलणाऱ्याने बटण सोडलं की पुन्हा चालू. बैठकीत टायमरचा ठराव मांडताना कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण सगळे राजकुमारकडे बघत होते.

रिपीटर सगळ्यांनाच हवा होता. मला जरा जास्त हवा होता, आणि त्याचं कारण मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ते कारण म्हणजे कुसुमबाई.

कुसुमबाई जैनथच्या पलीकडे, पैनगंगेच्या काठी राहतात. आरोग्य केंद्रात नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर वांगी आणि मेथी लावू लागल्या. रविवारी भाजी घेऊन बाजारात येत. भाजी संपली की ग्रंथालयाच्या ओट्यावर बसून माझ्याकडे रेडिओच्या परीक्षेचा अभ्यास करत. त्या असे प्रश्न विचारत की मला ‘पुढच्या रविवारी बघून सांगतो’ म्हणावं लागे, आणि सोमवारपासून मी बघायला लागे. त्या पहिल्याच खेपेला पास झाल्या. मग भाजीही गावातल्याच एका टेम्पोवाल्याच्या हाती येऊ लागली आणि रविवार संपले.

त्यांचा फोन नंबर माझ्याकडे आहे. पण फोन करायला कारण लागतं, आणि मला कारण सुचेपर्यंत संध्याकाळ होते. रेडिओवर कारण लागत नाही. सात वाजले की सगळेच बोलतात. कुसुमबाईंकडे हातात मावणारा छोटासा संच होता, आणि त्याचा आवाज माझ्यापर्यंत यायचा तर तो रिपीटरमार्फतच येणार होता.

म्हणून केबल निवडायचं काम निघालं तेव्हा मी ते मागून घेतलं. खोलीतल्या रिपीटरपासून टाकीवरच्या अँटेनापर्यंत चाळीस मीटर केबल लागणार होती. मी तीन महिने वाचलं. एक वही केली. तिच्यात तक्ता आखला: केबलचं नाव, जाडी, आतला धातू, आणि शंभर मीटरमध्ये किती ताकद वाटेतच गळते ते. सगळ्यात उत्तम म्हणजे मोबाईलच्या टॉवरवर असते तशी अखंड तांब्याच्या नळीची केबल. पण ती मिळेना, आणि मिळाली असती तरी टाकीच्या कठड्यावर वाकली नसती. राजकुमारने खटपट करून दोन गुंडाळ्या आणल्या होत्या, त्यांतली एक निवडायची होती.

पहिली नवी, हलकी, चकचकीत. तिच्यात आतल्या तारेभोवती अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद, आणि त्यावर कथिल चढवलेल्या तांब्याच्या तारांची जाळी. दुसरी जुनी, जड, कुठल्याशा बंद पडलेल्या बिनतारी कचेरीच्या लिलावातली. तिच्यात कागद नाही. चांदीचं पाणी दिलेल्या तांब्याच्या दोन जाळ्या, एकीवर एक. तक्त्यात पहिलीची गळती पाच होती, दुसरीची आठ.

बैठक मिलच्या अंगणात, टाकीखालीच भरली. मी वही उघडली आणि म्हणालो, “पहिलीच घ्यावी. यात मला शंका नाही.”

सगळ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मलाही मागे वळून बघावंसं वाटलं, कोण बोललं म्हणून.

तिथे उद्धवराव बसले होते. ते मिलचे कापूसपारखी. चाळीस वर्षं गाडीतून मूठभर कापूस ओढून, धागा दोन बोटांत ताणून, सरकी दाताखाली फोडून तिचा आवाज ऐकत आले आहेत. सरकी कट्ट वाजली तर माल कोरडा. रेडिओशी त्यांचा संबंध एवढाच की टाकीखाली त्यांची खुर्ची असते. त्यांनी दोन्ही केबलींचे तुकडे मागून घेतले, ब्लेडने साल काढली, आणि कापसासारखेच बोटांनी ओढून, वाकवून, कानाशी नेले.

“सर, ही नवी बोलून राह्यली,” ते म्हणाले.

काय बोलते, असं राजकुमारने हसत विचारलं.

“ते मले नाई समजत. वाकोलं की आतून सरकते अन् बोलते. जुनी पाहा, गप हाये. चांगला माल हातात गप असते.”

एरवी कुणी ‘पण’ एवढं जरी म्हटलं तरी मी आपलं म्हणणं मागे घेतो. त्या दिवशी मात्र म्हणालो, “उद्धवराव, ही केबल आहे, कापूस नव्हे.” लोक हसले. उद्धवरावही हसले आणि दोन्ही तुकडे खिशात टाकून गोदाम बघायला गेले. मला घरी गेल्यावर जेवण गोड लागलं नाही, पण वहीतला तक्ता पाहिला की बरं वाटायचं.

केबल चढवायला संघपाल आला. तो टॉवरवर चढायचं काम करतो, आणि वर गेल्यावर खालच्यांना नावं ठेवतो. त्याने केबल कठड्याला बांधत बांधत वरूनच सांगितलं की हलकी आहे, बरं झालं, ती जुनी असती तर माझी पाठ गेली असती. मी वहीत नोंद केली: हलकी.

शनिवारी रिपीटर सुरू झाला. आदिलाबादेतले आठ सभासद आरशासारखे स्पष्ट. राजकुमारचं बोलणं पहिल्याच दिवशी टायमरने दोनदा तोडलं, आणि लोकांना फार आनंद झाला. रविवारी क्लबने मला शाल आणि नारळ दिला. राजकुमारने भाषणात सांगितलं की काकांनी तीन महिने पुस्तकात डोकं घालून केबल निवडली. मी आभार मानायला उठलो आणि ‘धन्यवाद’ म्हणून बसलो.

फक्त कुसुमबाई ऐकू येत नव्हत्या.

हजेरीत त्यांचं नाव पुकारलं की कढईत जिरं टाकल्यासारखा आवाज यायचा, आणि त्या तडतडीच्या मागे, लांब, कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटायचं. राजकुमारने निदान केलं की बाईंची बॅटरी गेली. त्याने फोन करून कळवलं, त्यांनी नवी बॅटरी घातली. मग अँटेना नीट नसेल. मग त्यांनी घराच्या माळवदावर चढून बोलावं असं ठरलं, त्या चढल्या. मग नदीवरचं धुकं असेल. बासष्ट वर्षांच्या बाईंना आठवडाभर आम्ही काय काय करायला लावलं. मी गप्प होतो. केबल चुकली असेल असं एकदाही माझ्या मनात आलं नाही, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ते चौथ्या दिवशीच आलं होतं. पण शाल अजून खुर्चीच्या पाठीवर होती.

नवव्या दिवशी वारा पडला होता. कढई जरा थंड झाली आणि तिच्यातून कुसुमबाईंचा आवाज वर आला: “सर, तुमच्या त्या…” आणि पुन्हा तडतड. म्हणजे त्या नुसती हजेरी देत नव्हत्या. रोज मलाच काहीतरी सांगत होत्या.

मी पुस्तक काढलं. ज्या प्रकरणातून मी तक्ता उतरवला होता, त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती. अडतीस वर्षं मी विद्यार्थ्यांना तळटिपा वाचा म्हणून सांगत आलो. टीप अशी: साध्या संचाला ही केबल उत्तम, पण जिथे एकाच केबलमधून एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचंही असतं तिथे वापरू नये. अ‍ॅल्युमिनियमचा कागद आणि वरची जाळी, दोन वेगळे धातू, केबल हलली की एकमेकांवर घासतात आणि त्यातून तडतड उठते. जवळच्या जोरकस आवाजाला ती तडतड जाणवत नाही. लांबचा बारीक आवाज मात्र तिच्यात बुडतो.

रिपीटर नेमकं तेच करतो. ओरडता ओरडता कुजबूज ऐकतो.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पहाटेची बस धरून मी सातच्या आत मिलमध्ये गेलो. खोली उघडली, रिपीटरचा स्पीकर मोठा केला. हजेरी सुरू झाली, कुसुमबाईंचं नाव आलं, जिरं तडतडू लागलं. उद्धवराव खुर्चीतून उठले. टाकीच्या खांबावरून खाली आलेली केबल वाऱ्याने झुलत होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. तडतड निम्मी झाली आणि कुसुमबाईंचा आवाज आला, वैतागलेला, पण त्यांचाच. उद्धवरावांनी हात सोडले, आवाज गेला. पुन्हा धरले, आला.

“बोलते म्हन्लं होतं,” ते म्हणाले. टोमणा म्हणून नाही, माल ओला निघाल्यावर सांगावं तसं.

मी म्हणालो, “तुम्ही रोज सकाळी अशी धराल का?” विनोद करायचा नव्हता, मला खरंच तो एक मार्ग वाटला होता.

“मले हरकत नाई. पण वरची बी हालते, सर. तिथं कोन बसन?”

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. गुरुवारी कापूस खरेदीचा मुहूर्त होता. अंगणात कापूस पडला की मिलमध्ये ठिणगी चालत नाही. काडेपेटीसुद्धा फाटकावर काढून घेतात. केबलच्या टोकांना सोल्डरिंग करायचं तर ते खाली अंगणातच, आणि टाकी आगीसाठी राखीव, तिच्यावर मग कुणी चढायचं नाही. “जे करायचं ते बुधवारपर्यंत. नाई तं उन्हाळ्यात या.”

उन्हाळ्यापर्यंत कुसुमबाई माळवदावर उभ्या राहून कढईत बोलणार होत्या, आणि क्लब त्यांच्या बॅटरीला नावं ठेवणार होता.

घरी येऊन मी राजकुमारला पत्र लिहिलं. तीन पानं झाली. पहिल्या पानावर केबलींचा इतिहास होता, दुसऱ्यावर धातूंचे गुणधर्म, आणि तिसऱ्यावर ‘असे असू शकेल असे वाटते’ असं तीनदा होतं. पत्र घेऊन त्याच्या दुकानापर्यंत गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून परत आलो. तासाने पुन्हा गेलो. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून परत आलो.

मंगळवारी सात वाजता हजेरीला माझं नाव आलं. एरवी मी ‘ऐकू येतंय, धन्यवाद’ म्हणतो. त्या दिवशी बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालो, “केबल चुकीची आहे. निवड माझी होती. उद्धवरावांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. कुसुमबाईंच्या बॅटरीत काही दोष नाही. उद्या बदलली नाही तर उन्हाळ्यापर्यंत बदलता येणार नाही.”

बटण सोडलं. संचाचा आवाज वाढवून पाहिला. मला वाटलं रिपीटर बंद पडला.

मग राजकुमार आला. “काका, एवढं लांब तुमी पहिल्यांदाच बोल्ले. मी टायमर पाहून राह्यलो होतो.” पुढे त्याने विचारलं की मग ती शाल परत घ्यायची का. मी म्हणालो, घ्यावी. तो म्हणाला, नारळ तर खाल्ला असंल. मी म्हणालो, हो. मग त्याने ती जुनी केबल दुकानाच्या माळ्यावरून काढायला किती माणसं लागतील याचा हिशेब तीन मिनिटं सांगितला, आणि रिपीटर बंद झाला.

बुधवारी संघपाल पुन्हा चढला. जुन्या केबलची गुंडाळी खांद्यावर घेऊन तो अर्ध्यावर थांबला आणि वरून मला विचारलं की सर, तुमच्या वहीत या जड केबलबद्दल काही लिहिलंय का. मी सांगितलं, गळती आठ. तो म्हणाला, पाठीचंही लिहा. राजकुमारने अंगणात बसून टोकं सोल्डर केली. उद्धवराव बादली घेऊन बाजूला उभे होते, कापूस अजून यायचा होता तरी. शेवटी त्यांनी खिशातून जुन्या केबलचा तो तुकडा काढला, वर चढणाऱ्या केबलशी जुळवून पाहिला, आणि मान डोलावली. तो एवढे दिवस त्यांच्या खिशातच होता.

गुरुवारी सकाळी वारा सुटला होता. माझ्या अंगणातला कढीलिंब हलत होता, म्हणजे टाकीवर काय असेल. सात वाजता हजेरी सुरू झाली. मी नोंदीसाठी वही काढली आणि पेन धरून बसलो. कुसुमबाईंचं नाव आलं.

कढई नव्हती, जिरं नव्हतं. शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज आला.

“सर, बारा दिवस झाले सांगून राह्यली मी. तुमच्या त्या पुस्तकाचे शेवटले सोळा पानं नाईत. दोनशे आठ पानावर डॉक्टरनं खोलीचं दार उघडलं, अन् पुढं पुठ्ठा हाये. काऊन दिलं असं पुस्तक? खून कोनं केला ते तरी सांगा.”

रिपीटर सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात त्या एकदा बाजारात आल्या होत्या, तेव्हा मी माझ्या कपाटातली एक रहस्यकादंबरी त्यांना वाचायला दिली होती. ग्रंथपालाने पुस्तक देताना शेवटची पानं मोजायची असतात. आठ माणसं ऐकत होती. मी उगाच वही चाळली, आणि तक्त्याच्या दहा पानं पुढे, वहीतच, पिवळी पडलेली सोळा छापील पानं निघाली. शिवण सुटलेला तो जुडगा चिकटवायचा म्हणून मीच तिथे ठेवला होता. वही मी रोज उघडत होतो, पण दरवेळी त्या तक्त्यापाशीच.

फोन का नाही केला, असं राजकुमारने मध्येच कुसुमबाईंना विचारलं.

“फोनवरच इचारायचं असतं तं परीक्षा कशाले दिली असती?” त्या म्हणाल्या. “सर, सांगा.”

मी चष्मा पुसला, बटण दाबलं आणि पान दोनशे नऊ वाचायला सुरुवात केली. डॉक्टर खोलीत शिरतो. खिडकी आतून बंद. टेबलावर दोन कप, एक कोमट. वाचताना मला कुणाचे चेहरे दिसत नव्हते, म्हणून आवाज हळूहळू सुटत गेला. मधली वर्णनं गाळली, नोकराचा आवाज वेगळा काढला, डॉक्टरचा वेगळा. डॉक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, एकेकाकडे बघतो, आणि म्हणतो की खून करणारा याच खोलीत आहे. पुढचं मी चांगलं रंगवून वाचलं, नाव घेतलं, का केलं ते सांगितलं, आणि दमून बटण सोडलं.

कुणीतरी वाहवा म्हणेल असं वाटलं होतं. सगळे एकदम बोलू लागले आणि काहीच कळेना. शेवटी राजकुमार एकटा उरला.

“काका, ‘याच खोलीत आहे’ म्हन्ले अन् टायमरनं तोडलं तुमाले. तो टायमर माह्यासाठी लावला होता ना?”

मग माझ्या लक्षात आलं की खुनी मी माझा मलाच सांगितला. पुन्हा बटण दाबून नाव घेणार, तेवढ्यात कुसुमबाई आल्या.

“आता नका सांगू. पानं घेऊन या. मुहूर्ताच्या दिवशी जैनथची बस रिकामी असते. मी वांग्याचं भरीत करून राह्यली.”

बाकीच्या सात जणांनी हरकत घेतली. हे रेडिओच्या शिस्तीला धरून नाही असंही एक जण म्हणाला. मी म्हणालो, “ऐकू येतंय, धन्यवाद,” आणि संच बंद केला.

नऊच्या बसला खिडकीची जागा मिळाली. सोळा पानं वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर ठेवली होती, डिंकाची बाटली खिशात. मिलपाशी बस थांबली तेव्हा फाटकाला झेंडूची माळ होती आणि आत पहिली गाडी उभी होती. उद्धवराव तिच्यातून मूठभर कापूस ओढत होते. वर टाकीवरची केबल वाऱ्याने हलत होती, चांगलीच. राजकुमारचा तिसरा फोन आला. खुनी कोण, एवढंच विचारणार हे मला माहीत होतं. मी उचलला नाही.